समुद्राची वार्ता आणि समाजाचे हित



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. शासनाच्या वतीने चालणारे हवामानाचे आणि समुद्राचे विज्ञान समाजाच्या कोणत्या उपयोगी पडते, हा आजचा विषय. सुलतान बाजारात समुद्राची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. येथून बंगालचा उपसागर सुमारे 300 किलोमीटर दूर आहे. तथापि या शहरावर आलेली सर्वांत मोठी आपत्ती समुद्रावरूनच आली होती.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला. उपसागरावरील वादळ दख्खनच्या पठारावर चालून आले आणि शमशाबाद येथे 24 तासांत 12.8 इंच पाऊस झाला. खोऱ्यातील 788 तलावांपैकी 221 फुटले व त्यांचे पाणी नदीच्या पुरात मिसळले. हजारो माणसे बुडाली. अफजलगंजजवळच्या, आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जणांनी आपले प्राण वाचविले, ही हकिकत आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे.

त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांच्या योजनेतून 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर उभे राहिले, हे सर्वविदित आहे. मला आपले लक्ष वेधावयाचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. धरण किती उंच बांधावे, हे ठरविण्यासाठी त्यांना प्रथम पाऊस किती पडला हे माहीत असणे भाग होते. ती माहिती मिळाली, कारण कोणी एक कर्मचारी पर्जन्यमापकातील पाणी मोजून वहीत आकडा लिहीत होता. ज्या शेकडो दिवशी त्याने शून्य लिहिले असेल, त्या दिवशी हे काम निरर्थक वाटले असणार. परंतु त्या शून्यांच्या रांगेमुळेच 12.8 या आकड्याला अर्थ प्राप्त झाला.

शासकीय विज्ञानाचे मर्म येथे आहे. रोज मोजावे लागते आणि उपयोग मात्र कधीतरी एकदाच होतो. शिवाय तो उपयोग ज्याने पैसे दिले त्याच्यापुरता राखून ठेवता येत नाही. वादळाचा इशारा एकाला दिला की तो सर्वांचा होतो. असे काम केवळ नफ्याच्या हिशेबावर चालू शकत नाही. ते समाजाने सामाईक खर्चातून चालवावे लागते. भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 मध्ये झाली, तीही 1864 चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि 1866 व 1871 मध्ये दगा देऊन गेलेला पाऊस यांचा धडा घेऊन. पुढे 1928 मध्ये या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले आणि मराठी माणसाचा या शास्त्राशी निकटचा संबंध जडला.

मोजमाप नसले म्हणजे काय होते, हे 26 डिसेंबर 2004 रोजी दिसले. सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला. तेथून निघालेल्या त्सुनामीच्या लाटांना तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. दोन तास हा थोडा अवधी नव्हे. किनाऱ्यावरच्या माणसाला एक मैल आत चालत जाण्यास अर्धा तास पुरे. परंतु सांगणारी व्यवस्थाच नव्हती आणि आपल्या देशात दहा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

या घटनेनंतर जी व्यवस्था उभी राहिली, ती आपल्या याच शहरात आहे. प्रगतीनगर येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस, 1999 मध्ये स्थापन झाले आणि ऑक्टोबर 2007 पासून तेथे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र अहोरात्र चालते. भूकंपमापक यंत्रे धक्क्याची नोंद करतात, समुद्रतळावरील दाबमापके लाट खरोखर निघाली आहे काय हे सांगतात आणि किनाऱ्यावरील भरतीमापके तिची उंची कळवितात. 11 एप्रिल 2012 रोजी सुमात्राजवळ 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा या केंद्राने निकोबार बेटांच्या काही भागांपुरता तीव्र इशारा दिला आणि मुख्य भूमीवर सरसकट स्थलांतराची वेळ येऊ दिली नाही. 'पळा' असे सांगणे जितके महत्त्वाचे, तितकेच 'पळण्याचे कारण नाही' हे सांगणेही महत्त्वाचे आहे. कारण दोनदा व्यर्थ पळालेला माणूस तिसऱ्यांदा हलत नाही.

हेच केंद्र शांत दिवसांतही उपयोगी पडते. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य मोजतात. जेथे थंड व उष्ण पाणी एकमेकांस भिडते, तेथे पोषक द्रव्ये वर येतात, सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्या मागोमाग मासळी येते. अशा क्षेत्रांची दिशा, अंतर व खोली मच्छीमारांना त्यांच्या भाषेत, मराठीतही, कळविली जाते. मासळीच्या शोधात भटकण्याचा वेळ वाचला म्हणजे डिझेल वाचते, आणि कोकणातल्या कोळी बांधवाला डिझेलची किंमत आपल्यापेक्षा अधिक चांगली ठाऊक आहे.

ओडिशाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. 1999 च्या ऑक्टोबरातील महाचक्रीवादळाने तेथे सुमारे दहा हजार बळी घेतले. 2013 च्या ऑक्टोबरात 'फायलिन' आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी नेण्यात आले आणि मृतांची संख्या काही दशकांतच राहिली. वाचलेल्या माणसांची यादी कोणी प्रसिद्ध करीत नाही. जे संकट आले पण ज्याने माणसे नेली नाहीत, त्याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणून अशा संस्थांवरचा खर्च डोळ्यांत भरतो आणि त्यांची कमाई मात्र नजरेआड राहते.

आता दुसरी बाजू. हे शास्त्र सर्वज्ञ नाही. 1988 पासून डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची सोळा घटकांवर आधारलेली पद्धत मान्सूनच्या भाकितासाठी वापरली गेली आणि तिने पुष्कळ वर्षे लौकिक मिळविला. परंतु 2002 चे अवर्षण तिला ओळखता आले नाही. त्या वर्षी देशात सरासरीपेक्षा 19 टक्के पाऊस कमी झाला. तेव्हा खात्याने पद्धत बदलली. चूक उघडपणे नोंदवून सुधारणे हा शास्त्राचा धर्म आहे, आणि विश्वास टिकतो तोही त्यामुळेच.

याहून गंभीर उणीव आहे ती इशारा मिळाल्यानंतरची. मे 2021 मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळाची पूर्वसूचना काही दिवस आधी मिळाली होती, बंदरांवर बावटे लागले होते. तरीही मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा बार्ज बुडून 70 हून अधिक जण गेले. आपल्या शहराकडे पाहा. 13 ऑक्टोबर 2020 रोजी उपसागरातील कमी दाबाचे तीव्र क्षेत्र काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणात आले. हैदराबादेच्या परिसरात काही ठिकाणी 24 तासांत 30 सेंटिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. 1908 मध्ये वादळाची वार्ता नव्हती. 2020 मध्ये ती होती. परंतु मधल्या काळात तलाव बुजले, नाल्यांवर घरे चढली आणि पाण्याची वाट आपणच अडविली. आकाशाचे ज्ञान वाढले, पण जमिनीचे भान सुटले. शास्त्रज्ञ इशारा देऊ शकतो. नाला मोकळा ठेवणे हे नगरपालिकेचे आणि तुमचे-आमचे काम आहे.

या व्याख्यानातून काही हाती लागावे, म्हणून शेवटी एक विनंती करतो. आपल्या शाळेच्या आवारात एक साधा पर्जन्यमापक बसवावा. आपल्या देशात पावसाची दैनिक नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते; त्याच वेळी विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने ती घ्यावी आणि वहीत लिहावी. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. माजी विद्यार्थ्यांनी यंत्राचा खर्च उचलावा. तो फार नाही. कदाचित ही वही कोणी कधी उघडणारही नाही. परंतु रोज एक खरा आकडा लिहिण्याची सवय ज्या मुलाला लागली, तो पुढे नगरसेवक होवो, अभियंता होवो वा घर बांधणारा सामान्य गृहस्थ होवो, आलेला इशारा सहसा हसण्यावारी नेणार नाही.