एका तरुण श्रोत्याचे स्मरण



चालकांनी यंदा विषय निवडण्याची मोकळीक आम्हांला दिली, तेव्हा संतवाङ्मयावरचे एखादे व्याख्यान त्यांना अपेक्षित असावे. गेली कित्येक वर्षे आम्ही येथून तेच करीत आलो आहोत. आज मात्र आम्ही ह्या मैदानावर सतरंज्या घालणाऱ्या एका मुलाविषयी बोलणार आहोत. आपल्यापैकी पुष्कळांनी त्याला पाहिले आहे. त्याचे नाव आम्ही घेणार नाही. वडिलांनी परवानगी देताना एवढेच सांगितले, "नाव नको, पण तो आजारी होता हे मात्र सांगा. आम्ही लोकांना हृदयविकार म्हणून सांगितले, ते आता आम्हांलाच सोसवत नाही." ते आज येथे आलेले आहेत. कोठे बसले आहेत ते आम्ही पाहणार नाही. आपणही पाहू नये.

मुलगा मोठा गमत्या होता. सातवी-आठवीत असल्यापासून तो एक वही ठेवी. वक्त्याचे नाव, विषय, आणि समोरच्या रांगेत किती मंडळींना डुलकी लागली त्याचा आकडा! आमच्या नावापुढे एका वर्षी अकरा आहे. आम्ही रागावलो नाही, कारण मोजणी अचूक होती. पुढे तो शिक्षणासाठी मोठ्या शहरात गेला, तरी वसंतातल्या सुट्टीत सतरंज्यांना हजर असे.

एकविसाव्या वर्षी तो कॉलेज अर्धवट टाकून परत आला. रात्र रात्र जागा असे, जेवणावर वासना नसे. बोलणे इतके मंदावले की एका वाक्यासाठी थांबून राहावे लागे. एके दिवशी आपली सगळी पुस्तके पिशवीत भरून त्याने आम्हांला आणून दिली. आम्ही त्याच्या औदार्याचे कौतुक केले! जिवावर उदार झालेला माणूस पुष्कळदा आधी आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. इतके वाचले, पण हे वाचले नव्हते.

पुस्तके ठेवून तो म्हणाला, "काका, मला काही वाटतच नाही." त्यावर आम्ही त्याला गीता सांगितली. अर्जुनाचे गात्र शिथिल होते, तोंडाला कोरड पडते, हातातले धनुष्य गळते; आणि भगवंत त्याला हे दौर्बल्य सोड, ऊठ, म्हणून बजावतात. मुलाने मान डोलावली आणि तो निघून गेला.

आता वाटते, आम्ही चाळीस वर्षे गीता सांगितली, पण नीट वाचली नाही. ते कठोर बोलणे दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी, अवघ्या दोन श्लोकांत आहे. अर्जुन त्याने उठत नाही; उलट 'मी लढणार नाही' असे सांगून गप्प बसतो. मग भगवंत अठराव्या अध्यायापर्यंत त्याच्याशी बोलत राहतात, त्याचे प्रश्न ऐकून घेतात, आणि रथ सोडून जात नाहीत. आम्ही ते दोन श्लोक तेवढे म्हटले आणि दार लावून घेतले. शिवाय गीता म्हणजे औषध नव्हे. विषमज्वराच्या रोग्याला आम्ही श्लोक ऐकवून घरी पाठवले असते काय?

औषध त्याला मिळालेही होते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला बहुधा काही आठवडे लागतात. त्याने त्या आठ दिवस घेतल्या. "सवय लागेल" असे एका नातलगांनी सांगितले आणि त्या बंद झाल्या. ह्या गोळ्या दारूसारखे व्यसन लावीत नाहीत. त्या एकदम सोडू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवाव्यात, एवढेच. आणखी एक भीती आम्हांला होती, तीही खोटी ठरली. जिवाचे काही करावेसे वाटते का, असे उघड विचारले तर नसता विचार डोक्यात शिरेल, असे आम्ही समजत होतो. तज्ज्ञ म्हणतात, तसे होत नाही; विचारल्याने पुष्कळदा माणसाच्या मनावरचे ओझे हलके होते. आम्ही विचारले नाही.

तो गेल्यावर गावाने कारण शोधून काढले: परीक्षा. कोणी म्हणाले, प्रेमप्रकरण. एका कारणावर बोट ठेवले की आपल्याला सुटल्यासारखे वाटते. २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी अशा रीतीने जीव दिल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते, आणि राज्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा. ह्या सर्वांची कारणे एकेका शब्दात सांगता येतील, असे आम्हांला वाटत नाही.

लपवण्याची आपली सवय कायद्यानेही वाढवली. १८६०च्या दंडसंहितेत जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि वाचलेल्या माणसाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शके. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २०१८च्या मे महिन्यात अमलात आला, अशा माणसावर तीव्र ताण होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता आली, तीत ते जुने कलम त्या रूपात राहिलेले नाही. कायदा बदलला, आपण अजून हृदयविकारच सांगतो.

ऑक्टोबर २०२२पासून सरकारची एक दूरध्वनी-सेवा आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनी कृपा करून आत्ताच लिहून घ्यावा, आम्ही थांबतो.

त्याची वही वडिलांनी आमच्याकडे दिली आहे. शेवटच्या वर्षी वक्त्यांची नावे आहेत, विषय आहेत. डुलक्यांचा रकाना आखलेला आहे, पण कोरा. यंदाच्या सतरंज्या त्याच्या धाकट्या बहिणीने घातल्या. वही पुढे चालवू का, असे तिने आम्हांला काल विचारले. आम्ही होय म्हटले आहे.