पेशी नसलेली ओळ



स्वागत समितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे सांगलीत मनापासून स्वागत करते. रात्रभर प्रवास करून आपण पहाटे पोचलात आणि नऊच्या ठोक्याला या सभागृहात हजर झालात. यजमानांना याहून मोठा आनंद नाही.

पेशीविज्ञान आणि रेणवीय जीवशास्त्रातले रिएजंट आणि ॲसे हा या परिषदेचा विषय ठरला, तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने विचारले, की यासाठी पुणे-मुंबई सोडून लोक सांगलीला कशाला येतील? मी म्हटले, हे हळदीचे गाव आहे. आपल्या आज्या हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून घरी कुंकू करत. टाकणखारात बोरॉन असते आणि हळदीतल्या कर्क्युमिनशी त्याचा संयोग होऊन लाल रंग येतो. माती-पाण्यातले बोरॉन मोजायला प्रयोगशाळेत आजही हीच क्रिया वापरतात. साबण लागताच हळदीचा डाग लाल होतो, हे तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. रिएजंट म्हणजे काय, हे या गावातल्या मुलाला शब्द कळण्याआधी डोळ्यांनी कळलेले असते.

अमेरिकेत 1995 मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होते, हे जुन्या लिखाणाच्या पुराव्यावर सिद्ध झाले. मला त्याचा अभिमान आहे. पण हळद पेशीत शिरून नेमके काय करते, हा प्रश्न जुन्या लिखाणाने सुटत नाही. तो आपल्या टेबलावर येऊन पडतो, आणि तिथे कर्क्युमिन फार अवघड पाहुणा आहे. ते स्वतः पिवळे, स्वतः चमकणारे, पाण्यात न विरघळणारे आणि अनेक प्रथिनांना चिकटणारे. सीरम नसलेल्या माध्यमात, 37 अंशांना आणि 7.2 सामूला त्यातले जवळपास 90 टक्के अर्ध्या तासात विघटित होते. सीरम घातले तर हा वेग बराच मंदावतो. मग चोवीस तासांनी पेशींत जो बदल दिसतो, तो कर्क्युमिनचा, की त्याच्या तुकड्यांचा? 2017 मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त याविषयी सविस्तर इशारा छापून आला. तो प्रत्येक विभागाच्या भिंतीवर लावावा असे मला वाटते.

आपल्या महाविद्यालयांतून वनस्पतींच्या अर्कांवर जे काम होते, त्यात सर्वांत लाडका ॲसे म्हणजे एमटीटी. टिम मॉसमन यांनी 1983 मध्ये तो मांडला. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे क्षपण करतात, जांभळे फॉर्मझॅन तयार होते, ते विरघळवून 570 नॅनोमीटरच्या आसपास मोजायचे. सोपा, स्वस्त, देखणा ॲसे. पण तो पेशी मोजत नाही, क्षपण मोजतो. पेशी जिवंत असून त्यांचा चयापचय मंदावला, तरी जांभळा रंग उतरतो आणि आपण त्यांना मेलेल्या ठरवतो. उलट अर्कात क्वेर्सेटिनसारखी क्षपणकारी द्रव्ये असतील, तर पेशी नसलेल्या खाचेतही जांभळा रंग चढतो. म्हणून प्लेटमध्ये एक ओळ अशी हवीच, की जिच्यात माध्यम आहे, अर्क आहे, एमटीटी आहे, फक्त पेशी नाहीत. गेल्या काही वर्षांत परीक्षक म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी प्रबंधांत ही ओळ नव्हती. ते वाचताना मला विद्यार्थ्याचा राग आला नाही, वाईट वाटले. तीन वर्षांची मेहनत, आणि आठ खाचा राहून गेल्या.

हे मी अधिकाराने बोलत नाही, अनुभवाने बोलते. उमेदीच्या काळात मी ब्रॅडफर्डच्या पद्धतीने प्रथिने मोजत असे. तांबूस कूमासी रंग प्रथिनाला बांधला गेला की निळा होतो, 595 नॅनोमीटरला वाचायचे. पेशी फोडायला मी डिटर्जंट घातलेला बफर वापरला होता आणि ब्लँक मात्र साध्या पाण्याचा ठेवला होता. आकडे सुरेख येत होते. एमएस्सीच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, नुसत्या बफरला रंग येतो का ते बघू या?” आला. चांगला निळा आला. चार महिन्यांचे काम मी त्या दुपारी बाजूला ठेवले. त्या मुलीचे ऋण मी अजून मानते.

आणि तरीही, ॲसे गोंधळला की तो टाकून देऊ नका. एल्लाप्रगडा सुब्बाराव यांची गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगत आले, आज आपल्यालाही सांगते. आंध्रातला हा माणूस हार्वर्डला गेला आणि 1925 मध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्याने फॉस्फेट मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मॉलिब्डेट घालायचे, क्षपण करायचे, निळा रंग येतो. फॉस्फेट जितके, तितका गडद. ही पद्धत स्नायूच्या अर्काला लावली, तेव्हा रंग यायला उशीर होऊ लागला. साध्या फॉस्फेटच्या नळीत तो झरझर चढे, स्नायूच्या नळीत रेंगाळत चढे. दुसऱ्या कोणी म्हटले असते, रिएजंट जुना झाला, नवा करा. या दोघांनी त्या रेंगाळण्याचाच पाठलाग केला. अर्कात फॉस्फेट मोकळे नव्हतेच. ते एका नाजूक संयुगात अडकलेले होते आणि आम्लधर्मी मॉलिब्डेटमध्ये ते संयुग हळूहळू तुटत होते. ते फॉस्फोक्रिएटिन. 1927 मध्ये त्यांनी ते जगापुढे ठेवले. त्याच सुमारास इंग्लंडात एगलटन पतिपत्नींच्याही हाती ते लागले होते. 1929 मध्ये फिस्क आणि सुब्बाराव स्नायूतून एटीपीपर्यंत पोचले. जर्मनीत लोहमन यांनाही त्याच वर्षी ते सापडले. पेशीची सारी उलाढाल ज्या चलनावर चालते, त्याचा माग एका आळसावलेल्या निळ्या रंगातून लागला. पण उशीर हा उशीर आहे, हे त्यांना कळले कशामुळे? शेजारी साध्या फॉस्फेटची नळी ठेवलेली होती म्हणून.

पेशीवंशांबद्दल फार बोलत नाही, दुपारचे सत्र त्याच विषयावर आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे भांडार आपल्या जवळ आहे. तिथून किंवा तशाच खात्रीच्या ठिकाणाहून पेशी आणा, मित्राच्या फ्लास्कमधून नको. स्टॅन्ली गार्टलर यांनी 1966 मध्येच दाखवले होते, की निरनिराळे समजले जाणारे अनेक पेशीवंश प्रत्यक्षात ‘हीला’ या एकाच वंशाचे होते.

उद्या सकाळी आपल्याला हरिपूरला न्यायचे ठरवले आहे. कृष्णा-वारणेचा संगम पाहाल, आणि हळदीची पेवेही. 2005 च्या पुरात त्यांतली बरीच गेली. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते. उणे ऐंशीच्या फ्रीझरपुढे पाच वेळा वितळवलेले एन्झाइम घेऊन उभे राहणाऱ्या आपल्याला साठवणीची ती शिस्त पाहण्यासारखी आहे. पेव उघडले की माणूस लगेच आत उतरत नाही. आतली हवा खेळू देतात, कंदील सोडून पाहतात, ज्योत टिकते का ते.

निवास, जेवण यांत काही उणे राहिले तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा. आणि एक निमंत्रण. आमच्या विद्यार्थ्यांनी काल 96 खाचांच्या प्लेटमध्ये पेशी लावून त्यांत सांगलीच्या हळदीचा अर्क घातला आहे. तीत पेशी नसलेलीही एक ओळ आहे. दुपारी बारा वाजता एमटीटी घालतील आणि चार वाजता तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत प्लेट वाचतील. काय येईल, मला माहीत नाही. चहा तिकडेच, शेजारच्या खोलीत ठेवला आहे. सर्वांनी यावे.