धडधाकट कुत्रा आणि पशुवैद्य

बेळगावहून निघालेली आगगाडी खानापूर मागे टाकून लोंढ्याला पोचते, तेथे रुळांना दोन वाटा फुटतात. एक हुबळीकडे जाते; दुसरी कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात शिरते. स्टेशनाभोवती वस्ती आणि वस्तीभोवती रान, अशा या गावी दाराशी कुत्रा असणे ही केवळ हौस नव्हे.

हा कुत्रा पशुवैद्याकडे जातो केव्हा? अन्न सोडल्यावर, नाही तर रानडुकराने फाडल्यावर. धडधाकट जनावर दवाखान्यात नेणे म्हणजे पैशाचा अपव्यय, अशी समजूत अद्याप रूढ आहे. वस्तुतः कुत्र्याचे एक वर्ष माणसाच्या कित्येक वर्षांच्या तोडीचे असते, आणि तेवढ्या अवधीत पुष्कळ व्याधी निमूटपणे मूळ धरतात. त्यासाठी वर्षातून एकदा तरी ही फेरी घडावी. तालुक्याला किंवा बेळगावला जायचे तर दिवस मोडतो हे खरे. म्हणून ती फेरी वाया जाऊ नये, याची तजवीज घरातूनच झाली पाहिजे.

मुक्या जनावराची कैफियत वैद्यापुढे मांडायची ती मालकाने. पण होते असे, की कुत्र्याला रोज भाकरी घालते घरातील गृहिणी आणि दवाखान्यात नेतो शाळकरी मुलगा. कुत्रा अलीकडे पाणी अधिक पितो, उठताना मागचा पाय आखडतो, रात्री खोकतो, हे जिला ठाऊक ती घरीच राहते. आणि वैद्याने विचारले की मुलगा ‘बरा आहे’ एवढेच सांगतो. शिवाय परक्या जागी भेदरलेला कुत्रा आपले लंगडणेही लपवतो. तेव्हा आदल्या रात्री घरातील सर्वांना विचारून चार ओळींचे टिपण करावे. त्या दिवशीची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत न्यावी. जंतांची अंडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, ती सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतात. कुत्र्याला न्हाऊ-माखू घालून, गोचीड वेचून नेण्याची चाल मात्र सोडावी. कानातला मळ आणि अंगावरचे गोचीड हा वैद्याच्या दृष्टीने पुरावा होय. रानाकडेच्या गावी तर गोचिडातून रक्ताचे ज्वर जडतात. वजन दर खेपेस लिहून घ्यावे, कारण औषधाची मात्रा त्यावरच ठरते आणि नकळत होणारी घटही त्यातच प्रथम दिसते.

पिलांच्या बाबतीत ‘एकदा सुई टोचली, काम झाले’ हा भ्रम घातक ठरतो. आईच्या चिकातून आलेले संरक्षण अंगात असेतो लस नीटशी लागू पडत नाही, आणि ते केव्हा ओसरेल याचा नेम नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा टोचावी लागते. रेबीजची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात देतात. पुढच्या मात्रा वैद्य सांगेल त्या मुदतीस. लस दोन ते आठ अंश तापमानातच टिकते. दुकानातून घेऊन खिशात घातलेली कुपी घरी पोचेतो निरुपयोगी होऊ शकते.

लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये रेबीजची लस माणसावर प्रथम यशस्वीपणे वापरली. तरीही लक्षणे उमटल्यावर रोगी हाती लागत नाही, ही स्थिती आजही जवळजवळ तशीच आहे. उपाय कुत्र्याच्या अंगी आधीच भिनलेला हवा. याचे उदाहरण घाटाखालीच आहे. मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकार यांनी २०१४ पासून गावोगाव, पाळीव आणि मोकाट कुत्र्यांना जाळ्यांनी धरून धरून लस टोचली. सत्तर टक्के कुत्र्यांना लस लाभली की संसर्गाची साखळी तुटते, हे तिचे गणित. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला. मात्र रोगाला राज्याची सीमा ठाऊक नसते, आणि वरचा मुलूख त्याच रानाने गोव्याला जोडलेला आहे.

कुत्रा चावलाच, तर तो लस घेतलेला असो वा नसो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि माणसाने लागलीच दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची यांतील काहीही जखमेवर घालू नये. कुत्र्याच्या लसीचे कार्ड तेवढे डॉक्टरांना दाखवण्यास बरोबर घ्यावे.