मुलाचे पाय पाळण्यात, गोष्टीचे पाय पहिल्या भागात

कामं आवरली का? नसतील तर हात चालू राहू द्या, कान फक्त माझ्याकडे असू द्या.

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची सुटीला आली होती. रोज रात्री जेवणं झाली की ती लॅपटॉपवर एक अमेरिकन मालिका लावायची. भाषा इंग्रजी, मला काही कळेना. मग ती मध्येमध्ये थांबवून सांगायची, "मावशी, आता हा असं म्हणाला." आधी मी नुसती निवडणं-टिपणं करत बसायचे. चार दिवसांनी सूप बाजूला ठेवून बघायला लागले.

मालिकेचं नाव 'बॅबिलॉन फाइव्ह'. १९९४ ते १९९८ अशी पाच वर्षं ती चालली, एकूण ११० भाग. गोष्ट आहे सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनंतरच्या काळातली. अंतराळात तरंगणारं आठ किलोमीटर लांबीचं एक गाव, वस्ती अडीच लाख. तिथं निरनिराळ्या ग्रहांवरचे लोक राहतात. भांडणं बोलून मिटावीत, लढाया होऊ नयेत, म्हणून वसवलेलं गाव.

ही मालिका लिहिणाऱ्याचं नाव जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की. ११० पैकी ९२ भाग त्यानं एकट्यानं लिहिले. आपल्याकडच्या मालिका कशा, लोकांना आवडलं की वाढव, नाही आवडलं की वळव. यानं मात्र पाच वर्षांची गोष्ट आधीच मनात मांडली होती. कीर्तनकार पूर्वरंगात एक धागा सोडतात आणि उत्तररंगात तोच उचलतात, तसं. मटकी आज भिजत घालायची, मोड परवा बघायचे.

आता त्यातला एक धागा सांगते.

लोंडो नावाचा एक वकील आहे. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, आपल्या राज्याच्या वतीनं तिथं बसलेला. त्याच्या लोकांचं एकेकाळी मोठं साम्राज्य होतं, आता उतरती कळा. समोर राहतो जकार. लोंडोच्या लोकांनी जकारच्या लोकांना पूर्वी गुलाम केलेलं, त्यामुळे दोघांचं हाडवैर. पहिल्या वर्षीच्या पहिल्याच भागात लोंडो सांगतो, की आपला मृत्यू आपण स्वप्नात पाहिलाय. आपण म्हातारे झालोय, आपले हात कुणाच्या तरी गळ्याभोवती आहेत, त्याचे आपल्या गळ्याभोवती, आणि दोघंही मरतोय. जकारला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तो चेहरा ओळखला, असं तो म्हणतो. बघणाऱ्याला वाटतं, वैरीच ते, शेवटी एकमेकांचा जीव घेणार.

मग तेराव्या भागात एक माणूस येतो. मॉर्डन त्याचं नाव. नीटनेटका, हसतमुख, गोड बोलणारा. प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारतो, तुम्हाला काय हवंय? जकार म्हणतो, वैऱ्याचा सर्वनाश. त्यापुढे काय, तर त्याला सांगता येत नाही. एक शहाणी बाई, डेलेन, ती त्याला सरळ बाहेर काढते. लोंडो आधी झिडकारतो, पण खोदून विचारल्यावर मनातलं ओठावर येतं. आमचं गेलेलं वैभव परत हवं.

मॉर्डन त्याचं एक काम करून देतो. मोबदला काही मागत नाही. गरज लागली तर तुला कुठं शोधू, असं लोंडो विचारतो. तो म्हणतो, आम्हीच तुम्हाला शोधू.

त्याच वर्षाच्या शेवटी मॉर्डनची माणसं जकारच्या लोकांचं एक ठाणं उडवतात. दहा हजार माणसं मरतात. लोंडो हादरतो. रागानं म्हणतो, मग त्यांचा अख्खा ग्रहच का नाही संपवत? मॉर्डन शांतपणे म्हणतो, एकेक करून. आणि दुसऱ्या वर्षी खरंच त्या ग्रहावर दगडांचा मारा होतो. लोंडो जहाजाच्या खिडकीतून बघत उभा असतो, तोंडातून शब्द फुटत नाही.

ते दृश्य बघताना माझ्या पोटात कालवलं. का, ते सांगते.

थोरल्याच्या शिक्षणाच्या वेळी एका ओळखीच्या माणसानं माझ्या हातात वीस हजार ठेवले होते. कागद नाही, व्याजाची बोली नाही. "वहिनी, सावकाश द्या. कापूस माझ्याकडे घाला, भावाचं मी बघतो." इतकंच बोलला. दुसऱ्या वर्षी कापूस त्यालाच, तो म्हणेल त्या भावानं. तिसऱ्या वर्षी त्यानं विहिरीजवळचा तुकडा लिहून मागितला. तेव्हा गटातल्या बायका माझ्यामागे उभ्या राहिल्या. गटाचं कर्ज काढून, दोन टक्क्यांनी, मी ते फेडलं. पण बघा, 'भावाचं मी बघतो' हे तो पहिल्याच दिवशी बोलला होता. मी ऐकलं होतं. गरज होती, म्हणून कानाआड केलं.

आता स्वप्नाचं काय झालं? तिसऱ्या वर्षी, १९९६ साली, ते दृश्य पुरं दाखवलं. म्हातारा लोंडो राजा झालाय, पण त्याच्या अंगाला एक जीव चिकटवलेला आहे, तो त्याला ताब्यात ठेवतो. दारू पिऊन लोंडो त्या जिवाला घटकाभर झोपवतो, कैद्यांना सोडतो, आणि जकारला म्हणतो, तो जागा व्हायच्या आत मला मार. जकार गळा धरतो. तेवढ्यात तो जीव जागा होतो, लोंडोचे हात आपोआप जकारच्या गळ्याशी जातात. दोघंही जातात. तोवर ते वैरी उरलेले नसतात, जुने मित्र झालेले असतात. खूण खरी निघाली, पण आपण लावलेला अर्थ चुकीचा होता.

म्हणून मैत्रिणींनो, स्वप्न, शकुन यांच्या मागं लागू नका. लोंडोचं स्वप्नानं वाटोळं केलं नाही. फुकटच्या मदतीला तो एकदा हो म्हणाला, मग पुन्हा म्हणाला, त्यानं केलं.

आणि एक गंमत. लोंडोच्या हाताखाली एक भित्रा, लाजरा कारकून असतो, त्याचं नाव वीर! मॉर्डन त्यालाही विचारतो, तुला काय हवंय? हा भित्रा पोरगा म्हणतो, तुझं मुंडकं भाल्यावर टांगलेलं बघायचंय, आणि खालून हात हलवायचाय. आम्ही हसलो. चौथ्या वर्षी तस्संच झालं, आणि वीरनं खालून हात हलवला. घरात सगळ्यात गप्प असतं, त्याचंही म्हणणं नीट ऐकावं.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. कुणाच्या दारात नवा कुणी येऊन 'ताई, तुम्हाला काय हवं?' असं विचारून गेलाय का, ते एकमेकींना विचारा. तो पहिल्या दिवशी काय बोलला, ते शब्दाला शब्द वहीत लिहून ठेवा. मी लिहिलं नव्हतं.

येते. नमस्कार.