माणसांनी रचलेल्या टेकड्या

पोलंडच्या दक्षिण भागात विस्तुला नदीच्या काठी वसलेल्या क्राकूव या प्राचीन राजधानीचे नाव निघाले, की तेथे जाऊन आलेले प्रवासी वावेल टेकडीवरील राजवाडा, तेथील राजांची थडगी आणि शहराच्या मधोमध पसरलेला विस्तीर्ण बाजारचौक यांचेच वर्णन करू लागतात. आणि ते स्वाभाविकही आहे, कारण 1257 साली नगराला सनद मिळाली त्या वेळी आखलेला, प्रत्येक बाजूस सुमारे दोनशे मीटर लांब असा हा चौक युरोपातील मध्ययुगीन चौकांत अग्रगण्य मानला जातो. या चौकातील सेंट मेरीच्या चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला चारी दिशांना तुतारी वाजते आणि ऐन आलापात एकाएकी थांबते. तार्तरांची स्वारी आली असता नगराला सावध करणाऱ्या पहारेकऱ्याच्या कंठात बाण शिरला आणि सूर तेथेच तुटला, अशी आख्यायिका सांगतात. दुपारच्या बाराची ही तुतारी 1927 सालापासून पोलंडची नभोवाणी साऱ्या देशाला ऐकवीत आली आहे, याचा उल्लेख नभोवाणीवरून बोलताना माझ्याने टाळवत नाही.

परंतु आज मला आपले लक्ष वेधावयाचे आहे ते या शहराच्या तटाबाहेर, मोकळ्या आकाशाखाली उभ्या असलेल्या मातीच्या टेकड्यांकडे. एकूण चार मोठ्या टेकड्या आहेत. त्या निसर्गाने घडविलेल्या नाहीत, माणसांनी माती वाहून रचलेल्या आहेत. आणि माझ्या मते क्राकूवच्या लोकांचा स्वभाव वावेलच्या दालनांपेक्षा या मातीतच अधिक स्पष्टपणे उमटलेला आहे.

जुन्या नगरातून बाहेर पडताना प्रथम प्लान्ती नावाचा बगिचा ओलांडावा लागतो. पूर्वी या जागी तट व खंदक होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते पाडून व बुजवून त्यांच्या जागी वृक्षराजी लावण्यात आली, आणि आज तो हिरवा पट्टा जुन्या नगराला कड्याप्रमाणे वेढून आहे. उत्तरेचा फ्लोरियान दरवाजा आणि त्यापुढील वर्तुळाकार बुरूज तेवढे काही विचारी नागरिकांच्या आग्रहामुळे वाचले.

नदीच्या दक्षिण तीरावर, पोद्गूझे या भागात, सोळा मीटर उंचीची क्राक राजाची टेकडी आहे. नगराचा संस्थापक क्राक मरण पावला तेव्हा शोकाकुल प्रजेने अंगरख्याच्या बाह्यांत भरभरून माती आणली आणि त्याच्या देहावर ही टेकडी उभारली, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. 1930 नंतरच्या दशकात पुराणवस्तुसंशोधकांनी ती खणून पाहिली, तेव्हा माती घसरू नये म्हणून उभारलेला लाकडी खांब आणि त्याभोवती विणलेली डहाळ्यांची कुंपणे आत सापडली. राजाचे थडगे मात्र सापडले नाही. तरीही ईस्टरनंतरच्या मंगळवारी लोक तेथे पूर्ववत जमतात, आणि मला वाटते, त्यात त्यांचे काहीच चुकत नाही. कारण राजा असो वा नसो, ती माती कोणीतरी श्रद्धेने वाहिली हे तर खरेच आहे. या टेकडीच्या माथ्यावरून एका दिशेला वावेलचे मनोरे दिसतात, आणि पायथ्याशीच लिबान नावाची चुनखडीची खाण दिसते, जेथे नाझी अंमलात कैद्यांकडून सक्तीची मजुरी करवून घेतली जात असे. प्वाशूव येथील कुप्रसिद्ध छळछावणीची जागाही तेथून जवळच आहे. ज्याला हे शहर समजून घ्यावयाचे आहे, त्याने या दोन्ही दिशांना सारखाच वेळ पाहावे.

क्राकची कन्या म्हणून लोककथेत प्रसिद्ध असलेल्या वांदाची टेकडी पूर्वेस, नोवा हुता येथील पोलादाच्या कारखान्याजवळ आहे. परकी राजपुत्राशी विवाह टाळण्यासाठी तिने विस्तुलेत उडी घेतली, अशी कथा आहे.

या सर्वांत श्रेष्ठ मान मी देतो तो पश्चिमेकडील कोश्चुश्कोच्या टेकडीला. तादेउश कोश्चुश्को हा स्थापत्यविद्येत निपुण सेनानी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला, आणि स्वदेशी परतल्यावर 24 मार्च 1794 रोजी याच क्राकूवच्या बाजारचौकात त्याने राष्ट्रासाठी लढण्याची शपथ घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत रात्स्वावित्से येथील रणांगणावर, गवत कापण्याचे विळे सरळ करून दांड्यांना बसविलेल्या शेतकऱ्यांनी रशियन तोफांवर चाल केली आणि त्या काबीज केल्या. तेव्हा या सेनापतीने शेतकऱ्याचा अंगरखा परिधान करून त्यांचा बहुमान केला. उठाव अखेर मोडला गेला, पोलंडचे राज्य नकाशावरून पुसले गेले, आणि 1817 साली कोश्चुश्को स्वित्झर्लंडमध्ये निवर्तला. त्याचा देह वावेलच्या राजसमाधींत आणून ठेवण्यात आला खरा. परंतु संगमरवराच्या पुतळ्याने या पुरुषाचे स्मारक व्हावे हे लोकांच्या मनास पटेना. तीन परकी सत्तांच्या देखरेखीखाली जेमतेम स्वतंत्र म्हणविणाऱ्या त्या नगरात 1820 ते 1823 या काळात सरदार आणि शेतकरी, स्त्रिया आणि विद्यार्थी यांनी घमेली व ढकलगाड्यांनी माती वाहिली, तीत रणभूमीवरची माती मिसळली, आणि चौतीस मीटर उंचीची टेकडी उभी केली. पुढे 1850 नंतरच्या दशकात ऑस्ट्रियाच्या सरकारने तिच्याभोवती विटांचा किल्ला बांधला. पण टेकडी तशीच राहिली. आज वळणावळणांच्या वाटेने माथ्यावर चढले असता तात्रा पर्वतातून आणलेला एक ग्रॅनाइटचा पाषाण लागतो, आणि हवा स्वच्छ असेल तर त्या तात्रा पर्वताची निळसर रांगही दक्षिणेला क्षितिजावर दिसते.

तेथून पुढे व्होल्स्की अरण्याची पायवाट चालत गेल्यास सोविन्येत्सच्या उंचवट्यावर चौथी टेकडी येते. 1934 ते 1937 या वर्षांत ती स्वतंत्र पोलंडच्या गौरवार्थ रचण्यात आली, आणि 1935 साली मार्शल पिलसुद्स्की निवर्तल्यावर तिला त्यांचे नाव मिळाले. नाझी गव्हर्नर हान्स फ्रांक याने ती सपाट करण्याचा हुकूम सोडला होता, तो अमलात आला नाही. पुढे साम्यवादी राजवटीत माथ्यावरची शिळा उखडण्यात आली आणि टेकडी दिसू नये म्हणून सभोवार झाडे लावण्यात आली. 1980 नंतर नागरिकांनी पुन्हा फावडी हाती घेऊन ती सावरली.

आपल्या कोल्हापूरजवळील वळीवडे येथे 1943 ते 1948 या काळात पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित, बहुतांशी स्त्रिया व मुले, आश्रयाला होते. त्यामुळे त्या राष्ट्राचा इतिहास महाराष्ट्राला सर्वस्वी परका नाही, आणि आपल्यातील जो कोणी तिकडे जाईल त्याने तो आस्थेने पाहावा, असे मला मनापासून वाटते.

क्राकूवला जाणाऱ्यांना म्हणून एवढेच सांगतो. हाताशी पुरेसे दिवस असतील तर उत्तरेस ओयत्सूवच्या राष्ट्रीय उद्यानातील चुनखडीचे सुळके पाहावेत आणि व्येलिच्काची मिठाची खाणही उतरून पाहावी. एकच पूर्ण दिवस असेल तर सकाळी मजबूत जोडे घालून कोश्चुश्कोच्या टेकडीपासून व्होल्स्की अरण्यातून सोविन्येत्सपर्यंत पायी जावे. आणि जवळ एका संध्याकाळपुरताच वेळ असेल, तर क्राकच्या टेकडीवर जावे. तिच्यावर चढण्यास तिकीट लागत नाही.