कापडातील रसायने आणि आपले आरोग्य



कामगार संघटनेच्या माणसाला व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो पगारवाढ, बोनस आणि महागाईभत्ता यांवरच बोलावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत असते. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मात्र मला 'कृत्रिम कापड आणि आरोग्य' हा विषय दिला, आणि खाली पेन्सिलीने एक प्रश्न लिहिला, "पॉलिएस्टर वाईट आणि सूत चांगले, असे म्हणतात ते खरे काय?" मी डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्राचा पदवीधरही नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. परंतु कल्याण, भिवंडी, उल्हासनगर या पट्ट्यातील रंगाई-धुलाईच्या कारखान्यांतून मी तीस वर्षे हिंडतो आहे. तेथील पिंपांवर इंग्रजीत काय लिहिले आहे हे कामगारांना सांगता यावे म्हणून रात्री शब्दकोश घेऊन बसलो आहे. त्या शिदोरीवर चार गोष्टी सांगतो.

चिटणिसांच्या प्रश्नाचे उत्तर निम्मे होकारार्थी आहे. निम्मे नकारार्थी आहे, आणि त्यातच आज बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम धाग्याविषयी. बाजारात सरसकट 'कृत्रिम' म्हणून ज्याची संभावना होते त्यात निरनिराळ्या जाती आहेत. नायलॉन हे १९३५ साली अमेरिकेत कॅरदर्स या रसायनज्ञाने शोधले. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा इंग्रजांनी काढला. तोच पुढे टेरिलीन म्हणून आपल्याकडे आला, आणि आमच्या वडिलांच्या पिढीत लग्नाच्या बस्त्यात टेरिकॉटचा शर्टपीस असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. पाण्याच्या बाटलीचे जे प्लॅस्टिक, तेच हे. रेयॉन मात्र प्लॅस्टिक नव्हे. तो लाकडाच्या लगद्यापासून होतो. त्याची हकीकत निराळी आहे, तिच्याकडे मी मागाहून येणार आहे.

पॉलिएस्टरचा धागा स्वतः तसा गरीब स्वभावाचा आहे. अंगाशी त्याची फारशी रासायनिक खटपट चालत नाही. त्याचा दोष इतकाच की तो पाणी पीत नाही. शंभर भाग सुतात हवेतला ओलावा सुमारे आठ भाग मुरतो; पॉलिएस्टरमध्ये अर्धा भागही मुरत नाही. आपल्या या दमट हवेत, वैशाखात, लोकलच्या गर्दीत घट्ट कृत्रिम कापड घातले म्हणजे घाम अंगावरच राहतो. मग घामोळे येते, जांघेत नायटा धरतो. त्वचारोगाचे डॉक्टर सैल सुती कपडे घाला म्हणून सांगतात ते याच कारणासाठी. येथवर सुताची बाजू खरी आहे.

पण कापड म्हणजे नुसता धागा नव्हे. धाग्याला रंग दिला जातो, आणि वरून निरनिराळी संस्करणे होतात. खरी भानगड तेथे सुरू होते. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, म्हणून सुताचे रंग त्यावर चढत नाहीत. त्यासाठी 'डिस्पर्स' जातीचे रंग लागतात, आणि बंद यंत्रात दाबाखाली सुमारे १३० अंश उष्णतेला ते धाग्यात शिरवावे लागतात. हे रंग धाग्याशी रासायनिक गाठ मारीत नाहीत. साखर पाण्यात विरघळावी तसे ते धाग्यात विरघळून बसतात. रंगाई नीट झाली, नंतरची धुलाई पुरी झाली, तर बहुतेक रंग तेथेच राहतात. घाई झाली तर घामाबरोबर सुटतात. गडद निळ्या-काळ्या कपड्यांतील काही डिस्पर्स रंगांची अॅलर्जी डॉक्टरांच्या चांगली परिचयाची आहे. निळा १०६ आणि निळा १२४ हे त्यांतले कुप्रसिद्ध. खाज कोठे उठते ते पाहावे. काखेच्या कडेला, मांडीच्या आतल्या बाजूला, कमरेशी, म्हणजे जेथे कापड घासते आणि घाम साचतो तेथे. वरचे कापड सुती आणि आतले अस्तर मात्र गडद कृत्रिम, असा प्रकार असेल तर माणूस बिचारा साबण बदलीत बसतो आणि अस्तराकडे त्याचे लक्षच जात नाही.

आता सुताकडे वळू. 'इस्त्री नको' म्हणून जो सुती शर्ट विकला जातो, त्याला सुरकुती का पडत नाही? कारण त्यावर राळेसारख्या रसायनाचा हात दिलेला असतो, आणि त्या रसायनांपैकी पुष्कळांतून फॉर्मल्डिहाइड सुटतो. वैद्यकीय महाविद्यालयात प्रेते टिकविण्यासाठी जे फॉर्मॅलिन वापरतात, ते याच वायूचे पाणी. हा वायू कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. श्रोत्यांपैकी कोणी आताच आपल्या शर्टाची कॉलर चाचपू लागले असतील, तर थोडे थांबावे. तो निर्वाळा मुख्यतः वर्षानुवर्षे ही हवा श्वासातून घेणाऱ्या माणसांवरून दिलेला आहे. शर्ट घालणाऱ्यास त्यापासून होणारा त्रास बहुधा पुरळ आणि खाज एवढाच असतो, आणि कापड धुतले की सुटा वायू पुष्कळसा निघून जातो. जपानने १९७३ साली याविषयी कायदा केला. दोन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत दहा लक्ष भागांत सोळा, आणि मोठ्यांच्या अंगालगतच्या कपड्यांत पंचाहत्तर भाग, ही मर्यादा त्यांनी घातली. नवे झबले धुतल्यावाचून बाळाला घालू नये हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका सांगत, ते अगदी बरोबर होते.

आगीचाही एक शब्द सांगून टाकतो, कारण स्वयंपाकघर सर्वांनाच आहे. नायलॉनची साडी पेट घेते म्हणून सुती नेसा, असे सांगतात. वास्तविक सुतही भराभर पेटते. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळतात आणि तो रस कातडीला चिकटतो. दोहोंची मिसळण अधिक वाईट, कारण सूत जळत राहते आणि वितळलेला रस त्याच्या आधाराने तेथेच धुमसतो. सबब शेगडीपाशी पदर खोचलेला असावा. मग साडी कसली का असेना.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याशी आलो. हे जे रसायन तुमच्या-माझ्या अंगाला दहा लक्ष भागांत पंधरा-वीस भाग इतके लागते, ते कोणीतरी घमेल्याने उचलून यंत्रात ओतलेले असते. अमेरिकेत शर्ट शिवण्याच्या तीन कारखान्यांतील अकरा हजारांवर कामगारांची, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, वर्षानुवर्षे पाहणी झाली. कापडातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडमध्ये त्यांचा दिवस जाई. त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार अपेक्षेपेक्षा अधिक आढळला. शर्ट तोच होता. घालणाऱ्याला खाज आणि शिवणारणीला हे!

रंगाची गोष्ट याहून जुनी आहे. पर्किनने १८५६ साली डांबरापासून पहिला जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. पुरती चाळीस वर्षे झाली नाहीत तोच, १८९५ साली, फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शस्त्रवैद्याने जाहीर केले की मॅजेंटा रंग करणाऱ्या कामगारांना मूत्राशयाचे कर्करोग होत आहेत. पुढे बेंझिडीन आणि त्याच्या भाऊबंदांवर बोट ठेवले गेले. १९२१ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कचेरीने यावर स्वतंत्र अहवाल काढला. म्हणजे गोष्ट गुप्त नव्हती. तरीही बेंझिडीनपासून केलेले 'अॅझो' रंग जगभर सुतावर, रेशमावर, चामड्यावर चढतच राहिले. या रंगांची खुबी अशी की ते वरून निरुपद्रवी दिसतात, परंतु शरीरातील आणि कातडीवरील जंतू त्यांची गाठ सोडतात, आणि आतून पुन्हा तेच मूळ विष बाहेर पडते.

मग बंदी केव्हा आली? जर्मनीने १९९४ साली कायदा केला की असे विष सोडणाऱ्या रंगांचे कापड आमच्या ग्राहकाच्या अंगाला लागता कामा नये. आपल्याकडे १९९७ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अशा ११२ रंगांवर बंदी घातली. २००२ साली युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी नियम केला. आता हिशेब करा. कामगार मरतात हे १८९५ साली कळले, आणि ग्राहकाच्या अंगाला लागते म्हणून १९९४ साली कायदा झाला. मध्ये नव्व्याण्णव वर्षे गेली. आमच्या सरकारलाही जाग आली ती निर्यातीची गाठोडी परत येतील या भीतीने, असे माझे मत आहे. ते कटू वाटल्यास वाटो. बंदी झाली हे उत्तमच झाले. ग्राहकाच्या ओरडण्याने कामगाराचा जीव वाचत असेल तर ग्राहकाने अवश्य ओरडावे. मात्र जेथे ग्राहकाला काहीच होत नाही, तेथे कोण ओरडणार?

येथे रेयॉन पाहावा. त्याला आपल्या बायका आर्ट सिल्क म्हणत. मऊ, घाम शोषणारे, अंगाला सुखकर कापड. नेसणारणीला त्यापासून काडीचा अपाय नाही. पण लाकडाचा लगदा विरघळवून त्याचा धागा ओढण्यासाठी कार्बन डायसल्फाइड लागते. रेयॉनची ही व्हिस्कोज रीत १८९२ साली इंग्लंडात निघाली, आणि हे द्रव्य माणसाची काय दशा करते हे त्यापूर्वीच ठाऊक होते! पॅरिसच्या देलपेश या डॉक्टराने १८५६ साली रबर कारखान्यांतील कामगारांविषयी लिहून ठेविले होते की यांच्या वाफेने माणसे चिडखोर होतात, भ्रमिष्ट होतात, हातापायांतली शक्ती जाते. पुढे १९६८ साली ब्रिटनमध्ये दिसून आले की रेयॉन कामगार हृदयविकारानेही अधिक मरतात. फिनलंडमध्ये ३४३ रेयॉन कामगारांवर १९६७ पासून नजर ठेवली, तेव्हा हेच आढळले. मग १९७२ साली त्यांनी हवेतील प्रमाणाची मर्यादा खाली आणली, बाधितांना त्या खात्यातून हलविले, आणि नंतरच्या वर्षांत तो जादा मृत्यूचा आकडा नाहीसा झाला. हे उदाहरण मी प्रत्येक सभेत देतो. कारण 'धंदा म्हटला की एवढे चालायचेच' असे मला नेहमी ऐकविले जाते.

आपल्या उल्हास नदीच्या खोऱ्यात रेयॉनचा धंदा पन्नाशीच्या दशकापासून आहे. जुन्या मंडळींना तो कुजक्या अंड्यांसारखा वास आठवत असेल. वास येतो म्हणून नगरपालिकेकडे अर्ज गेलेले मी पाहिले आहेत. त्या वासात जे आठ तास उभे असत त्यांच्याविषयी गावातून अर्ज गेलेला पाहिल्याचे मला स्मरत नाही.

जीन्सचेही तसेच. नवी विजार जुनी दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा मारा करीत. तुर्कस्तानात त्यापायी विशी-पंचविशीतल्या पोरांची फुप्फुसे दगडासारखी झाली, तेव्हा २००९ साली तेथे बंदी आली. त्याऐवजी पोटॅशियम परमँगनेटचा फवारा अनेक ठिकाणी आला. फवारणाऱ्याच्या नाकाला बांधलेला असतो रुमाल. ही विजार तुम्ही घातलीत तर तुम्हांला काहीही होणार नाही.

रंगाच्या कारखान्यात जेथे भुकट्या तोलतात त्या खोलीला 'कलर किचन' म्हणतात. नाव मोठे गोड आहे. चार वर्षांपूर्वी अशाच एका खोलीत बावीस वर्षे काढलेला गृहस्थ माझ्याकडे आला. लघवीतून रक्त जात होते. डॉक्टरांनी विचारले, बिडी ओढता काय? तो ओढीत होता. आणि बिडीनेही हा रोग होतो, हे खरेच आहे. पण काम काय करता, हे कोणी विचारले नाही. केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात 'मजूर' एवढेच लिहिले होते. पुढे भरपाईसाठी आम्ही कागद मागू लागलो तेव्हा कळले की बावीसपैकी सोळा वर्षे त्याचे नाव ठेकेदाराच्या वहीत होते, आणि ती वही कोणाकडेच नाही. हा रोग पंधरा-वीस वर्षे दबा धरून बसतो. तो बाहेर पडेपर्यंत माणूस बीडला किंवा आझमगडला परत गेलेला असतो. कायद्याच्या यादीत धंदेवाईक रोगांची नावे १९४८ सालापासून छापलेली होती. ती यादी वाचून मालक घाबरत नाही, कारण हजेरीपत्रकावर नावच नसले तर रोग चिकटावयाचा कोणाला?

तेव्हा चिटणिसांना माझे उत्तर असे की सूत की पॉलिएस्टर एवढ्यावरून कापडाची परीक्षा होत नाही. घरापुरते सांगावयाचे तर उन्हाळ्यात सैल सूत वापरावे, नवा कपडा धुऊन घालावा, गडद अस्तराने खाज उठली तर ते काढून टाकावे. यापलीकडे फार भिऊन जाण्याचे कारण नाही. मुलांचे शाळेचे गणवेश मात्र संस्थेमार्फत घाऊक घेतले जातात. तेथे पालक-सभेत कापडाच्या तपासणीचा दाखला मागता येतो. निर्यातीच्या मालाला तो मिळतो, मग आपल्या पोरांच्या मालाला का मिळू नये?

आणि कारखान्यापुरते म्हणाल, तर आमच्या संघटनेने गेल्या दिवाळीनंतर या पट्ट्यातील काही रंगाई कारखान्यांना मागणीपत्र दिले आहे. पगाराची कलमे नेहमीची आहेत. नवी तीन आहेत. प्रत्येक पिंपावर आतल्या द्रव्याचे नाव आणि धोका मराठीत व हिंदीत लिहावा, हे पहिले. कलर किचनमध्ये आणि फवाऱ्यापाशी काम करणाऱ्यांची, ठेकेदाराची माणसे धरून, दर वर्षी लघवीची व फुप्फुसांची तपासणी व्हावी, हे दुसरे. कोणी कोणत्या खात्यात कोणत्या रसायनावर किती वर्षे काम केले याची नोंद कारखान्याने चाळीस वर्षे जपावी आणि तिची प्रत कामगाराच्या हाती द्यावी, हे तिसरे. पहिले कलम दोन कारखान्यांनी मान्य केले आहे. चिठ्ठ्या आम्हीच छापून दिल्या. दुसऱ्यावर खर्चाची घासाघीस चालू आहे. तिसऱ्याला सर्वांनी एकमुखाने नकार दिला आहे, आणि त्याच्याच चर्चेसाठी येत्या मंगळवारी मला पुन्हा जावयाचे आहे.