पायरी-पायरीनं

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नीरा नदीचा पूल ओलांडल्यावर आमचं शिरवळ लागतं. हल्ली लोक ते कारखान्यांमुळे ओळखतात. पण आसपासच्या शेतकऱ्याला विचाराल तर तो जनावरांचं कॉलेज सांगेल. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हे त्याचं पूर्ण नाव, १९८८ साली सुरू झालेलं. अडलेली म्हैस, पाय मोडलेली शेळी टेम्पोत घालून माणसं तिथं येतात. जनावर कितीही दांडगं असो, त्याच्या गळ्यात दावं असतं, म्हणून ते आणता येतं. ज्याला दावं नाही आणि ज्याला जन्मात कुणी हात लावलेला नाही, असं गल्लीतलं मांजर तिथवर न्यायचं कसं, ते मी आज सांगणार आहे. विषय किरकोळ वाटेल, पण मला त्याला आठ महिने लागले.

आमच्या गल्लीत एक भाटी आहे. भाटी म्हणजे मांजरी. हा शब्द आता शहरात फारसा ऐकू येत नाही. करड्या रंगाची, अंगावर पट्टे, एका कानाला चीर. दोन वर्षांत तिची चार वेतं मी पाहिली. मांजरीचं गाभणपण जेमतेम नऊ आठवड्यांचं. शिवाय पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. त्या चार वेतांतलं जगलं एकच पिल्लू. काही बोक्यानं मारली, काही रस्त्यावर गेली. प्रत्येक वेताला भाटीची पाठ जास्त खोल जायची, बरगड्या मोजता यायच्या. आणखी एखाद-दोन वेतांत हीच जाईल, हे दिसत होतं. ऑपरेशन करून घेणं हा उपाय होता, आणि ते करणारे डॉक्टर गावातच होते. पण माझ्या पायरीवर पाऊल वाजलं की ही चिंचेच्या झाडावर!

आपल्याकडे म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं. खरं कारण साधं आहे. जागेचा कुणाला सुगावा लागला की आई पिल्लं मानेला धरून दुसरीकडे हलवते. या हलवाहलवीत पिल्लांना माणसाचा हात लागतो की नाही, यावर त्यांचं पुढचं आयुष्य बरंच ठरतं. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श या बाईंनी १९८०च्या दशकात यावर काम केलं. पिल्लाच्या वयाच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसानं त्याला हाताळलं, तर ते माणसाळतं. ते दिवस निघून गेले की काम अवघड होतं. आमच्या भाटीचे ते दिवस कधीच सरले होते. म्हणजे ती मांडीवर येऊन बसेल, ही आशा मी पहिल्या दिवशीच सोडली. मला हवं होतं एवढंच, की मी जवळ असताना तिनं पळू नये.

शेजारचा एक मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, म्हणाला, "बाई, पोतं द्या. एका मिनिटात धरतो." मी म्हटलं, "धरशील रे, पण ती चावली तर?" घाबरलेलं मांजर कडकडून चावतं. दात बारीक असले तरी जखम खोल जाते, आणि मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो. जाता जाता सांगते, मांजर चावलं किंवा त्यानं ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हळद-चुना लावत बसू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

तर पोतं नको म्हटलं. संध्याकाळी सहाला, दिवेलागणीच्या आधी, अंगणाच्या टोकाला वाटी ठेवायला लागले. दूध नाही, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. वाटीत भात आणि सुकटीचा चुरा, बिनमिठाचा. मी लांब, सगळ्यात वरच्या पायरीवर बसायची. रोज तीच वेळ, तीच वाटी, आणि खरं सांगते, तीच साडी. तोच वास आला की तिचा धीर वाढायचा, असं माझं आपलं मत. आमचे हे म्हणायचे, "शाळेत असताना मुलांसाठी एवढी वेळ पाळली नसेल!"

पंधरा दिवसांनी एक पायरी खाली उतरले. ती खाणं सोडून निघून गेली, तेव्हा मी पुन्हा वर. आठ दिवसांनी परत खाली. असं चाललं. तिच्याकडे तोंड करून बसायचं नाही, कुशीवर वळल्यासारखं बसायचं. टक लावून पाहायचं नाही. मांजरांच्या जगात ती भांडणाची नोटीस असते. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. हे मी आजीकडून ऐकलं होतं. २०२० साली इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच तपासून प्रसिद्ध केलं, की अनोळखी माणसानं असे डोळे मिटले तर मांजर त्याच्याजवळ यायला जास्त तयार होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिची पळायची वाट मोकळी ठेवायची. फाटक मी कधीच लावलं नाही. पळता येतं हे ठाऊक असेल, तरच मांजर थांबतं.

पाचव्या महिन्यात तिनं माझ्या बोटांचा वास घेतला. मी हात हलवला नाही. पाठीवरून फिरवायचा मोह फार झाला, पण नाही फिरवला. दरम्यान तिचं आणखी एक वेत झालं. त्याला माझा इलाज नव्हता, पिल्लं कुठं ठेवली तेच तिनं कळू दिलं नाही.

सातव्या महिन्यात पिंजरा आणला आणि दार सुतळीनं उघडं बांधून वाटी त्याच्या तोंडाशी ठेवली. रोज वीतभर आत. तीन आठवड्यांनी ती पूर्ण आत जाऊन, माझ्याकडे पाठ करून जेवू लागली. मांजर पाठ करून जेवतं, याचा अर्थ काय ते मांजर पाळणाऱ्यांना सांगायला नको. याच सुमाराला तिच्या मागे फिरणारी दोन पिल्लं दिसली, आपली आपण खाण्याइतकी मोठी. मग कॉलेजात विचारून आले, त्यांनी दिवस दिला, आदल्या रात्री उपाशी ठेवायला सांगितलं. त्या संध्याकाळी वाटीत नेहमीपेक्षा थोडंच खाणं होतं. मी सुतळी सोडली.

दार पडल्याचा आवाज आणि नंतरचा तिचा आवाज मी इथं सांगत नाही. पिंजऱ्यावर जाड चादर टाकली तशी ती गप्प झाली. अंधारात मांजर शांत होतं. आठ महिने जो विश्वास मी कमावला, तो एका क्षणात खर्च करायचा होता आणि तो त्याचसाठी कमावला होता, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी रात्रभर झोप नाही. ह्यांनी दोनदा उठून चादर नीट केली, मला कळू न देता.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी त्याच वेळी रेबीजची लस टोचली. ते सांगतील तितके दिवस तिला मागच्या खोलीत ठेवलं आणि मग एका सकाळी फाटकाशी पिंजरा उघडला. ती गेली ती चिंचेवर नाही, गल्लीबाहेरच. नऊ दिवस वाटी मुंग्यांनी खाल्ली.

दहाव्या दिवशी सहाला ती अंगणाच्या टोकाला उभी होती. मी वरच्या पायरीवर गेले. या गोष्टीला वर्ष होत आलं. आता पाठ भरली आहे, बरगड्या दिसत नाहीत. तिच्या त्या शेवटच्या वेतातली दोन्ही पिल्लं हिंडती-फिरती आहेत, त्यांतलं एक तर सरळ घरात येतं. भाटी तिसऱ्या पायरीपर्यंत येते, त्याच्या खाली मला उतरू देत नाही. तिची एक लेक आता वयात येईल, म्हणून पिंजरा माळ्यावरून काढून धुऊन ठेवला आहे. तो दिसला की भाटी जेवण अर्धवट सोडून जाते. लेक मात्र आत जाऊन बसते.